टेलरबाईंचं बाळंतपण

शनिवार, २८ मार्च २०२०. स्कोफिल्ड्स, सिडनी.

उद्या माझं विमान होतं. बॅग भरून दाराशी ठेवली होती, ती स्वप्निलने आज परत कपाटावर चढवली. विमानं बंद. कधी सुरू होणार, कुणालाच ठाऊक नाही. म्हणून ही वही काढली. पेंडल हिलच्या दुकानातून तूरडाळीबरोबर सहज घेतली होती. नोकरीत छत्तीस वर्षं रोज रजिस्टर लिहिलं, त्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही.

तर नोंद. पद्मा, वय बासष्ट, निवृत्त नर्स, तालुका शिरूर. चार हजारांवर बाळंतपणं केली, तीन डॉक्टरांना कामाला लावलं. इथे येण्याचं कारण, मुलाचं लग्न. स्वप्निलने जानेवारीत इथल्या इथे रजिस्टर लग्न करून मला फोटो पाठवला. म्हटलं, सून निदान डोळ्यांनी बघून तरी येऊ. तीन फेब्रुवारीला इथे उतरले. सून करुणा, केमिस्टच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. कामाला वाघ, बोलायला गोड. माझी तक्रार नाही. तिचं हे दुसरं लग्न, त्यालाही माझी हरकत नाही. पुनर्विवाहावर मी महिला मंडळात दोनदा भाषण केलंय, टाळ्या पडल्या होत्या. फक्त करुणाला पहिल्या लग्नाची आठ वर्षांची मुलगी आहे हे मला इथल्या विमानतळावर कळलं. भाषणात तो मुद्दा नव्हता.

मुलीचं नाव अनुष्का. बाप ॲडलेडला असतो, त्याचंही दुसरं लग्न झालंय, वाढदिवसाला फोन करतो म्हणे. मुलगी मराठी बोलत नाही. काहीही विचारा, उत्तर इंग्रजीत. मला ती ‘स्वप्निल्स मम’ म्हणते. मीही तिला काही म्हणत नाही.

रुखवतात लोकांकडे ताटं-वाट्या येतात. आमच्याकडे चार फुटी काचेची टाकी आली. त्यात मुलीचे मासे. मधल्या पाण्यात हळदीच्या रंगाचे सहा-सात जण मिरवत असतात आणि खाली दगडांत चार ठिपकेवाले पडून राहतात, नुसत्या मिशा हलवत. आफ्रिकेतल्या टांगानिका नावाच्या सरोवराच्या तळाशी राहणारी जात आहे म्हणे. मी बघताक्षणी ओळखलं. शिंगटी! घोड नदीतली आपली काळी, ही पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांची, एवढाच फरक.

मंगळवार, ३१ मार्च.

जेवताना स्वप्निलला म्हटलं, ‘ती थोरली शिंगटी चांगली वीतभर आहे. लसूण-कोथिंबिरीचं वाटण लावून कालवण केलं तर चौघांना पुरेल.’ चेष्टा होती. निम्मी. स्वप्निल हसत मीटिंगला पळाला. मुलगी समोर बसून पास्ता खात होती, तिने मानही वर केली नाही.

चार वाजता बघते तर टाकीवर कागद चिकटवलेला. लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरांत, ‘नॉट फूड’. खाली बाण, चारही शिंगट्यांकडे. स्वप्निलने चहाडी केलेली दिसते. विचारलं तर म्हणतो, ‘आई, मी जेवल्यापासून कॉलवरच आहे गं.’ इतकं रेटून खोटं बोलायला हा कुठे शिकला कोण जाणे.

रविवार, ५ एप्रिल.

श्यामलाचा व्हिडिओ कॉल आला. श्यामला माझी धाकटी बहीण, पुण्याला विश्रांतवाडीत असते. तिला सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत शिरूरला पोचते. बोलता बोलता मुलगी मागून टाकीपाशी आली.

‘ही कोण गं?’ श्यामलाने विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘करुणाची भाची.’

‘भाची तुमच्याकडे कशी?’

‘तिची आई न्यूझीलंडला अडकलीय. विमानं बंद ना.’

‘अगंबाई! आणि बाप?’

‘तोही तिकडेच.’

झालं. एका भाचीपायी मला न्यूझीलंडला करुणाची एक बहीण आणि एक मेहुणा जन्माला घालावा लागला. माझ्या हाताखाली इतक्या झटपट कुणी मोकळं झालं नव्हतं.

लाज वाटली का? थोडी वाटली. पण खरं सांगितलं असतं तर गाव म्हणालं असतं, सिस्टरच्या एकुलत्या एका मुलाला दुसरी कुणी मिळाली नाही का? गावात आयुष्यभर मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवलंय. आता माझ्या घरावर कुणी बोललेलं मला ऐकवणार नाही. विमानं सुरू झाली की मी जाईन, मुलगी इथेच राहील. कुणाचं काय बिघडतंय? आणि मुलगी तर शेजारीच काच पुसत उभी होती, तिला काय कळणार.

गुरुवार, ९ एप्रिल.

मुलगी फार किडकिडीत आहे. काल स्वप्निलला म्हटलं, ‘हिला अंडं का देत नाही तुम्ही? हाडं मोजता येतील.’ आज सकाळी तिने आपण होऊन दोन अंडी मागून घेतली. योगायोग. दुपारी वरणात मीठ कमी पडलंय असं मी पुटपुटले, तर मिठाची बाटली सरकत माझ्या ताटाशी आली. पोरीला नजर आहे, हे कबूल.

मंगळवार, १४ एप्रिल.

भीमजयंती. जन्मात पहिल्यांदा घरात बसून. मागच्या अंगणातली फुलं आणून बाबासाहेबांच्या फोटोला हार केला, पांढरी साडी नेसले. करुणाला सुट्टी मिळाली नाही, केमिस्टकडे रांगा लागतात. स्वप्निल, मी आणि मुलगी वंदनेला बसलो. मुलीने पंचशील न अडखळता म्हटलं. पाली येतं आणि मराठी येत नाही, हे एक नवलच आहे.

श्यामलाचा फोन आला तेव्हा मी चहा टाकायला उठले. फोन मुलीच्या हातात दिला, खुणेने सांगितलं, दाखव तिला सजावट. चहा घेऊन आले तर श्यामला डोळे पुसत हसतेय.

‘काय झालं गं?’

‘काही नाही, नेटवर्क गेलं होतं.’

नेटवर्क गेल्यावर हसणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, ‘पोरगी गोड आहे हं.’ करुणाच्या भाचीचं हिला एवढं कौतुक कशाला?

रविवार, १९ एप्रिल.

आज टाकीत तमाशा. पिवळ्यांमधली एक थोराड मादी आहे. मुलीने तिला आपल्या शाळेतल्या आधीच्या बाईंचं नाव दिलंय, मिसेस टेलर, कारण त्याही रागावल्या की तोंड घट्ट मिटून घ्यायच्या. मी टेलरबाई म्हणते. तर टेलरबाई आणि एक नर सपाट दगडाभोवती गोल गोल फिरत होते. बाईंनी अंडी घातली. मी खुर्ची ओढून बसले, बाळंतपण म्हटलं की माझे पाय आपोआप वळतात. आणि बघते तर बाईंनी वळून स्वतःची अंडी स्वतःच गिळली! तेवढ्यात तळातून शिंगट्या उसळून वर आल्या, दोघांच्या मधे घुसल्या, शेपट्या काय हाणल्या, वाळू काय उडवली. नवरा एकीच्या मागे धावला की दुसरी आत. टेलरबाई बिचारी जे दिसेल ते भराभर तोंडात भरत होती.

मी काचेवर टकटक करून ओरडले, ‘हटा! लाज नाही वाटत, बाईमाणूस अडलेलं असताना?’ मुलगी खुदकन हसली. माझ्या आवाजाला हसली असेल.

गुरुवार, २३ एप्रिल.

टेलरबाई आजारी. चार दिवस अन्नाला शिवली नाही, हनुवटी सुजलेली, कोपऱ्यात एकटीच असते. माझं निदान, गालगुंड. बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, असा हुकूम मी काढला. पण मुलीचे डोळे भरून आले होते. करुणा कामाला निघता निघता म्हणाली, ‘आई, ग्लेनला विचारा ना. त्यानेच दिलेत हे मासे.’ ग्लेन म्हणजे इथल्या मासेवाल्यांच्या क्लबचा म्हातारा, पांढरी दाढी, घरात टोपी घालून बसतो. मुलीने आयपॅडवर लावून दिला.

मी सगळी केस मांडली. ‘पेशंट फीमेल. माउथ स्वेलिंग, फोर डेज. नो फूड, नो व्होमिट.’

ग्लेनने आयपॅड टाकीजवळ न्यायला सांगितलं आणि म्हणाला, ‘शीज होल्डिंग, लव्ह.’

‘होल्डिंग व्हॉट?’

‘हर बब्स. इन हर माउथ.’

अंडी गिळली नव्हती. तोंडात ठेवली होती. ही जात पिल्लं तोंडात वाढवते, तीन आठवडे. तोवर अन्न नाही, कारण घास घेतला तर पोरं पोटात जायची. मी खुर्चीवर बसूनच राहिले. बिनकळांची, बिनपोटाची गरोदर बाई माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आली होती, आणि मी तिला गालगुंड ठरवून मोकळी.

लगेच रजिस्टर सुरू केलं. या वहीची मागची पानं घेतली. तारीख, पेशंटचं नाव, प्रकृती, शेरा, नातेवाईकाची सही. मुलगी इंग्रजीत लिहायला लागली तर म्हटलं, ‘माझ्या वॉर्डात रजिस्टर मराठीत.’ अक्षरं गिरवून दाखवली. तिने जीभ बाहेर काढून ‘टेलरबाई’ लिहिलं, आणि नातेवाईक म्हणून स्वतःची सही ठोकली. अक्षर माझ्या पहिल्या डॉक्टरांपेक्षा बरं आहे.

गुरुवार, ७ मे.

बुद्धपौर्णिमा. खीर केली, अनुष्काने दोन वाट्या खाल्ल्या. टेलरबाईंचा अठरावा दिवस. पाठ खंगलीय, पण तोंड मिटलेलं ते मिटलेलंच. ग्लेन म्हणतो, रविवारपर्यंत वाट बघा, नाहीतर आपणच तोंड उघडून पिल्लं काढू, म्हणजे बाई वाचेल. त्याला तो ‘स्ट्रिपिंग’ म्हणतो. मी सांगितलं, माझ्या वॉर्डात असले शब्द चालत नाहीत. डिलिव्हरी म्हणायचं.

अनुष्काला धीर धरवत नाही, दर तासाला काचेला नाक लावते. मी सांगितलं, ‘पहिलटकरणीला वेळ लागतोच. घाई करणारी सुईण वाईट.’ दुपारी आम्ही दोघी जाळ्या धूत बसलो की मी तिला वॉर्डातल्या गोष्टी सांगते. भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं. आज बोलता बोलता म्हटलं, ‘पोर तशी तू गुणी आहेस. पण गावाला मी काय सांगू तुझ्याबद्दल? तुला कळत नाही तेच बरं.’ ती जाळी पिळत होती. पिळून झाली तरी पिळतच राहिली.

श्यामलाचा फोन. पहिला प्रश्न, ‘पोरगी कशी आहे?’ माझी तब्येत नंतर.

रविवार, १० मे.

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझंच डोकं चालणार नाही.

आज इथे मदर्स डे. करुणाला अनुष्काने सकाळी कार्ड दिलं, ते घेऊन ती कामाला गेली. अकरा वाजता मी डिलिव्हरी घेतली. एका टबात टाकीचंच पाणी. हात कोपरापर्यंत धुतले, साबण पूर्ण जाईपर्यंत. ओलं फडकं. कान साफ करायची कापसाची काडी, ओली करून. तोंडाला मास्क, मला आणि अनुष्कालाही. ग्लेन आयपॅडवर. स्वप्निलला टॉर्च धरायला उभा केला होता, पण मी टेलरबाईला फडक्यात घेतल्याबरोबर त्याचा चेहरा पांढरा पडला. टॉर्च अनुष्काने काढून घेतला. हात जराही हलला नाही तिचा.

‘जेंटली, जेंटली,’ ग्लेन म्हणत होता. मी म्हटलं, ‘मिस्टर ग्लेन, फोर थाउजंड डिलिव्हरीज.’ त्याने टोपी सरळ केली.

खालचा ओठ काडीने हलकेच खाली केला, तोंड पाण्यात धरलं. एक बाहेर आलं. मग दुसरं. एकूण सात. मी टेलरबाईला वेगळ्या टबात सोडलं आणि चष्मा लावून बाळं बघायला वाकले.

सातही ठिपकेवाली. सातांनाही मिशा.

छत्तीस वर्षांत माझ्या वॉर्डात बाळांची अदलाबदल झाली नाही. मनगटाला पट्टी बांधल्याशिवाय मी बाळ हलवू दिलं नाही कधी. आणि इथे पिवळ्या आईच्या तोंडातून सात शिंगट्या! ग्लेन मात्र टोपी काढून हसत सुटला. ‘यू लकी डक्स’ की असंच काहीसं म्हणाला. मग त्याने समजावलं. ही शिंगटी म्हणजे पाण्यातली कोकिळा. अंडी घालतानाचा तो धिंगाणा त्यासाठीच होता. दुसऱ्याच्या अंड्यांत आपली अंडी टाकायची, आणि ती आई सगळीच तोंडात भरते. शिंगटीची पिल्लं आधी अंड्यातून बाहेर येतात आणि त्या आईची स्वतःची अंडी-पिल्लं खाऊन टाकतात.

मला संताप आला. एकवीस दिवस उपाशी राहिली बिचारी, कुणासाठी?

अनुष्काने ग्लेनला विचारलं, ‘डझ शी नो?’

‘नाह, मेट. शी कॅरीड देम. दे आर हर्स, फार ॲज शीज कन्सर्न्ड.’

ग्लेनचा कॉल संपला. मी रजिस्टर उघडून बाळांसाठी नवं पान आखलं. तारीख लिहिली, वेळ लिहिली, ‘सात, जिवंत’ लिहिलं. ‘आईचं नाव’ या रकान्यापाशी पेन अडलं. मी आपलं स्वतःशीच म्हटलं, ‘आता हिची ही कोण, काय लिहू?’

आणि शेजारून आवाज आला. स्वच्छ मराठीत.

‘भाच्या लिही.’

मी मान वर केली. अनुष्का मास्कच्या वरून माझ्याकडे बघत होती.

‘आणि लिही, त्यांची आई न्यूझीलंडला अडकलीय.’

टॉर्च बंद करून तिने टेबलावर ठेवला, हात धुतले आणि खोलीत गेली.

सोमवार, ११ मे.

या घरात तीन महिन्यांत तिच्यासमोर मी जे जे बोलले, ते आठवत बसलेय. शिंगटीचं कालवण. हाडं मोजता येतील. करुणाने नीट चौकशी करून पहिलं लग्न केलं असतं तर. सावत्र पोर ती सावत्रच, हे एकदा स्वप्निलला. आणि परवाचं ते, ‘तुला कळत नाही तेच बरं.’

करुणाला विचारलं. ती म्हणाली, ‘आई, तिला सगळं समजतं. आम्ही पेंडल हिलला राहायचो तेव्हा माझ्या आईने वाढवलं ना तिला. दिवसभर मराठीच. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून बोलत नाही. मीही जबरदस्ती केली नाही.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘मला वाटलं तुम्हाला माहितीये. तुम्ही तर तिच्याशी सारख्या मराठीतच बोलत होता.’

आजी गेली म्हणून जिने भाषा मिटून ठेवली, ती पोर पहिल्यांदा तोंड उघडते आणि माझ्यामुळे तिच्या तोंडून काय निघतं? मला माझीच फार लाज वाटली.

रविवार, १७ मे.

पिल्लांना दिवसातून चार वेळा खाणं. मिठाच्या पाण्यात बारीक कोळंबीसारखे किडे उबवायचे आणि ड्रॉपरने सोडायचे. आम्ही दोघी मिळून करतो. ती बोलते, पण पुन्हा इंग्रजीतच. ‘यस प्लीज’, ‘नो थँक यू’. हॉटेलात बोलावं तसं.

माफी मागायची मला सवय नाही. आरोग्य केंद्रात डॉक्टरसुद्धा मला सॉरी म्हणायचे. तीन दिवस मी टेलरबाईसमोर तालीम केली. तिने बुधवारी पहिला घास घेतला, तेव्हा मी आणि अनुष्काने एकदमच टाळी वाजवली. तीच वेळ साधून म्हटलं, ‘अनू, मी चुकले गं. मला क्षमा कर.’

‘इट्स ओके,’ ती म्हणाली. मग ड्रॉपर धूत, माझ्याकडे न बघता, ‘डझ शी स्टिल थिंक आयम फ्रॉम न्यूझीलंड?’

‘हो.’

‘ओके.’

ओके म्हणजे ओके नाही, एवढं इंग्रजी मला कळतं. रजिस्टरमधला आईचा रकाना अजून कोराच आहे.

बुधवार, २७ मे.

दूतावासातून मेल आली. विमानात जागा मिळाली, सात जूनला. दिल्लीपर्यंत, पुढे विलगीकरण, मग पुणे. दोन महिने ज्या बातमीची वाट बघितली ती आली, आणि मी ती वाचून भाजी चिरायला गेले.

अनू सोमवारपासून शाळेत जायला लागलीय. आल्यावर स्वप्निलने तिला सांगितलं. ती दप्तर न काढता उभी होती. म्हणाली, ‘सो फ्लाइट्स आर बॅक? दॅट्स गुड. माय न्यूझीलंड मम कॅन कम होम.’

मला हसू आलं. मग तिच्या पाठीवरचं दप्तर बघून एकदम रडू आलं. मी गॅरेजमध्ये जाऊन बसले.

भीती कशाची आहे मला? गाव काय म्हणेल याची. गावाच्या निम्म्या लोकांना मी पायाला धरून जगात आणलंय, उलटं धरून रडवलंय. त्यांना मी भिते?

रविवार, ३१ मे.

फोन मीच लावला. अनू नेहमीप्रमाणे उठून जायला लागली. श्यामलाचा फोन आला की ती खोलीत जाते, हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, ‘अनू, इकडे ये. बस माझ्याशेजारी.’ ती बसली, पण टोकावर.

‘श्यामले, एक सांगायचंय. मधे बोलू नकोस.’

‘बोल.’

‘ही करुणाची भाची नाही. मुलगी आहे. पहिल्या लग्नाची. म्हणजे स्वप्निलची मुलगी. म्हणजे…’ चार हजार बायकांना मी म्हटलंय, ‘घाबरू नको, जोर कर.’ ‘म्हणजे माझी नात आहे. मी तुझ्याशी खोटं बोलले. न्यूझीलंडला आमचं कुणी नाही. तुला ज्याला सांगायचं त्याला सांग, सगळ्या शिरूरला सांग.’

मला वाटलं या वेळी खरंच नेटवर्क गेलं. मग ती म्हणाली,

‘सुटलीस एकदाची! मला जयंतीपासून माहितीये.’

‘कुणी सांगितलं?’

‘तिनेच. तू चहा टाकायला गेलीस ना तेव्हा. मला म्हणाली, मी भाची नाही, नात आहे. पण आजीला सांगू नका तुम्हाला कळलंय म्हणून. ती सांगेल तेव्हा सांगेल.’

मी अनूकडे बघितलं. ती आपल्या मोज्यांकडे बघत होती.

‘मी म्हटलं, बघू या सिस्टर किती दिवस घेते,’ श्यामला म्हणाली. ‘म्हटलं, चालू दे. तूच सांगायचीस ना, पहिलटकरणीला वेळ लागतोच.’

मग तिघी इतक्या हसलो की स्वप्निल हेडफोन काढून बघायला आला. हसता हसता अनू माझ्या मांडीवर कधी आडवी झाली ते कळलं नाही. हाडं अजून लागतात. अंडी चालू ठेवायला करुणाला सांगितलंय.

संध्याकाळी रजिस्टर उघडून तो रकाना भरला. आईचं नाव, टेलरबाई.

शनिवार, ६ जून.

उद्या सकाळी निघायचं. बॅग पुन्हा दाराशी. पिल्लांची लांबी नखाएवढी झालीय, सातही ठणठणीत, तळाशी दगडाखाली रांगेत झोपतात. टेलरबाईचं पोट भरलेलं दिसतं. पाणी बदलायचं वेळापत्रक अनूने मराठीत लिहून फ्रिजवर लावलंय. दिवसभर ती मला काही ना काही सांगत होती, आणि इतकं मराठी ऐकून करुणा भांडी घासता घासता दोनदा थांबली. टाकीवरचा ‘नॉट फूड’ कागद काढून अनूने माझ्या बॅगेवर चिकटवलाय. दिल्लीच्या विमानतळावर कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मला माहीत नाही.

आत्ता लिहायला वही उघडली तर मागचं पान दुमडलेलं दिसलं. रजिस्टरमध्ये एक नवी नोंद आहे. अक्षर ओळखीचं, रेघ जरा वर चढणारी.

पेशंटचं नाव: आजी.
दाखल: ३ फेब्रुवारी.
सुटी: ७ जून.
प्रकृती: आधी बरी नव्हती. आता बरी.
फेरतपासणी: बॉर्डर उघडली की लगेच.
नातेवाईकाची सही: अनुष्का (नात).

मी चष्मा पुसून सगळे रकाने पुन्हा एकदा तपासले. खाली शेरा लिहिला, ‘नोंद बरोबर आहे,’ आणि सही केली.